चालीखाली नाव कुणाचं?

जुन्या हिंदी चित्रपटाची नावं पडद्यावर सरकू लागली, की संगीत दिग्दर्शकाचं नाव आपण हमखास वाचतो. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एकदोन नावं असतात, 'सहायक' म्हणून, नाहीतर 'अरेंजर' म्हणून. ती वाचून होईपर्यंत पडदा पुढे गेलेला असतो. कित्येकदा तर ती नसतातच.

हा अरेंजर नेमकं काय करतो, ते आधी सांगते, कारण आज त्याची गरज पडणार आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधतो. चाल गोड असते, पण एकटी असते. व्हायोलिनं कुठे शिरायची, बासरीनं कुठे थांबायचं, गाणाऱ्यानं श्वास घेतला की मधली जागा कोणत्या वाद्यानं भरायची, हे कुणीतरी प्रत्येक वादकासाठी कागदावर लिहून काढावं लागतं. आज भाजी कोणती, हे एकानं सांगायचं आणि निवडणं, चिरणं, फोडणी, मीठ सगळं दुसऱ्यानं बघायचं, तसंच हे. आपल्याकडे हे काम बरंचसं गोव्याच्या वादकांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यांतली काही नावं. यांतला चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. 'अलबेला'ची (१९५१) गाणी आठवा, म्हणजे जॅझ आपल्या घरात किती आधीपासून येऊन बसलं आहे ते लक्षात येईल.

तर या जॅझच्या माहेरची, म्हणजे अमेरिकेची, एक बाई. पियानो वाजवायची, दुसऱ्यांच्या बँडसाठी असं कागदावरचं काम करायची आणि स्वतःच्या चालीही बांधायची. नाव मेरी लू विल्यम्स. नाव ऐकलेलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, तिच्या स्वतःच्या देशातही ते घरोघरी पोचलेलं नाही. तिनं ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांची नावं मात्र जगभर गाजली. तिची गोष्ट मला आपल्या या सदरात सांगावीशी वाटते, कारण ती नुसती गाण्याबजावण्याची गोष्ट नाही. काम आपलं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्याला परकी थोडीच आहे?

मेरीचा जन्म ८ मे १९१० चा, ॲटलांटा शहरातला. काळ्या वर्णाचं कष्टकरी कुटुंब. ती लहान असतानाच मंडळी पिट्सबर्गला राहायला आली. तिची आई ऑर्गन वाजवायची, आपल्या नाटक मंडळ्यांत असायची तशी पायांनी भाता हलवायची पायपेटी. मुलगी जेमतेम तीन वर्षांची असेल. आई तिला मांडीवर घेऊन वाजवत बसली होती. आईचे हात थांबले आणि पोरीनं तेच सूर जसेच्या तसे वाजवून दाखवले. आई इतकी दचकली, की पोर मांडीवरून खाली पडली, असं मेरी लू पुढे सांगायची.

आता अशा मुलीला आपण काय केलं असतं? लगेच क्लास लावला असता. तिच्या आईनं उलटं केलं. ती स्वतः शिकवणीला गेली होती आणि कागद बघून वाजवता वाजवता कानानं वाजवायचं विसरून बसली होती. म्हणून तिनं मुलीला मास्तर लावलाच नाही. घरी वादक मंडळींना बोलवायची आणि पोरीला म्हणायची, नुसतं ऐक.

पिट्सबर्गला ज्या वस्तीत ते राहायला गेले, तिथल्या काही गोऱ्या शेजाऱ्यांना हे काळं कुटुंब नको होतं. घरावर विटा येऊन पडायच्या. पण मुलीच्या बोटांची कीर्ती पसरली, तशी त्याच आळीतली घरं तिला वाजवायला बोलावू लागली. सहासात वर्षांची मुलगी, आणि जे काम थोरांना जमलं नाही ते तिच्या दहा बोटांनी केलं. वाचताना बरं वाटतं, पण मनात येतं, की वाजवता आलं नसतं तर? ज्या घरात अशी मुलगी नव्हती, त्या घरांवरच्या विटा कुणी थांबवल्या?

तिच्या सावत्र वडिलांचं तिच्यावर फार प्रेम. ते तिला आपल्या मित्रमंडळींत, पत्त्यांच्या अड्ड्यांतसुद्धा वाजवायला घेऊन जात. टोपी काढून तिच्यात पहिला डॉलर स्वतः टाकत, म्हणजे बाकीच्यांनाही लाजेकाजेस्तव टाकावे लागत. बाहेर आल्यावर सगळी जमा पोरीच्या हवाली करून म्हणत, आता माझा डॉलर तेवढा परत दे! तिच्या कमाईचा इतका सरळ हिशेब नंतर फार थोड्यांनी ठेवला, म्हणून ही हकिगत मला विशेष आवडते.

याच वयात तिनं थिएटरमध्ये एक दृश्य पाहिलं. लव्ही ऑस्टिन नावाची एक बाई वाद्यवृंदात बसली होती. तोंडात सिगारेट, डाव्या हातानं पियानो चालू आणि त्याच वेळी उजव्या हातानं पुढच्या प्रवेशाचं संगीत कागदावर लिहिणं चालू! मेरीनं तेव्हाच ठरवलं, मलाही हे जमलं पाहिजे. एका हातानं पोळी लाटत दुसऱ्या हातानं फोन धरणाऱ्या आपल्या बायकांना त्यात नवल वाटणार नाही. पण एका छोट्या मुलीला, हे काम बाई करू शकते, हे डोळ्यांनी बघायला मिळालं, याचं मोल मोठं. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते, तेव्हा हे रोज दिसतं. मुली ऐकून थोडं शिकतात, बघून फार शिकतात.

चौदापंधराव्या वर्षापासून ती फिरत्या मंडळींबरोबर वाजवू लागली. सोळासतराव्या वर्षी जॉन विल्यम्स या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याशी लग्न झालं. सॅक्सोफोन म्हणजे आपल्या वरातीच्या बँडमध्ये असतं ते पितळी, वाकड्या नळीचं वाद्य. नवरा 'क्लाउड्स ऑफ जॉय' नावाच्या बँडमध्ये लागला, ही त्याच्यामागून गेली. १९२९ मध्ये या बँडची सूत्रं अँडी कर्क यांच्याकडे आली. बँडला पियानोवाला होता, त्यामुळे हिला जागा नव्हती. मध्यंतरी तिनं प्रेतं वाहून नेणारी गाडीसुद्धा चालवली. मग रेकॉर्डिंगच्या दिवशी नेहमीचा पियानोवाला आलाच नाही. हिला बसवलं. रेकॉर्ड कंपनीच्या माणसांना हिचं वाजवणं इतकं पसंत पडलं, की पुढच्या खेपेला बँड हिच्याशिवाय शिकागोला पोचला तेव्हा, ती मुलगी कुठे आहे, असं विचारून त्यांनी तिला बोलावून घेतलं. तिथेच १९३० मध्ये तिनं एकटीनं दोन चिजा वाजवल्या, 'नाइट लाइफ' आणि 'ड्रॅग एम'. रेकॉर्डवर नाव छापताना कंपनीनं मेरीची 'मेरी लू' केली. लग्नात नाव बदलतं हे ठाऊक आहे, इथे रेकॉर्डवरही बदललं! आणि ती रेकॉर्ड विकली गेली तरी तिची रॉयल्टी आपल्याला मिळाली नाही, असं तिनं पुढे सांगितलं.

चाली तिच्या डोक्यात भरपूर होत्या, पण सूर कागदावर उतरवायचं शास्त्र येत नव्हतं. सुरुवातीला ती वाजवून दाखवायची आणि अँडी कर्क लिहून घ्यायचे. थोड्याच काळात ती स्वतः लिहायला शिकली. मग काय विचारता! बँडचं बरंचसं संगीत तीच लिहू लागली. रात्रभर गाडीतून प्रवास, गावोगावचे मुक्काम, काळ्या माणसांना हॉटेलात खोली नाही. अशा प्रवासात ती मोटारीत टॉर्चच्या उजेडात सूर लिहायची.

तिच्या कामाचा एक नमुना सांगते. १९३६ मध्ये तिनं 'वॉकिन अँड स्विंगिन' नावाची चीज बांधली. बँड लहान, सॅक्सोफोनवाले मोजकेच. तिला सुरांचा जो भरदारपणा हवा होता, त्याला एक सॅक्सोफोन कमी पडत होता. तिनं काय करावं? एका ट्रंपेटवाल्याला त्यांच्यात मिसळून दिलं आणि त्याचा आवाज असा बसवला, की तोही त्यांच्यातलाच वाटावा. घरात काजू नसले तर खसखस आणि शेंगदाण्यावर रस्सा दाट करणारी सुगरण आणि ही, दोघींची जात एकच. पण खाणारा म्हणतो, वा, काय रस्सा आहे, आणि ऐकणारा म्हणतो, वा, अँडी कर्कचा काय बँड आहे! याच चिजेतला एक तुकडा पुढे थेलोनियस मंक या नामांकित जॅझ संगीतकाराच्या 'रिदम-ए-निंग'मध्ये जवळजवळ तसाच आला. आज तो तुकडा मंकचा म्हणून जगाला पाठ आहे.

तिचं नाव ऐकून इतर बँडवालेही मागणी करू लागले. बेनी गुडमन म्हणजे त्या काळात 'स्विंगचा राजा' म्हणून गाजलेला माणूस. स्विंग म्हणजे नाचायला लावणारं, झुलत्या लयीचं, मोठ्या बँडचं जॅझ. १९३७ मध्ये मेरी लूनं त्याच्यासाठी 'रोल एम' लिहिलं. त्यात बूगी-वूगीची पद्धत आहे. डाव्या हाताचा ठेका एकदा धरला की सोडायचा नाही आणि त्यावर उजव्या हातानं हवं तसं खेळायचं. माझ्या सासूबाईंना पाश्चात्त्य संगीताचं वावडं, पण मोबाइलवर तिचा पियानो लावला तेव्हा वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "अगं, हिचा डावा हात म्हणजे तबलजीच आहे की!" याहून चांगली समीक्षा मला तरी लिहिता येणार नाही.

गुडमनला तिनं फक्त आपल्यासाठीच लिहावं असं वाटत होतं. तिनं नाही म्हटलं. मला हवं त्याच्यासाठी लिहीन, म्हणाली. पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडसाठी 'ब्लू स्काइज' या जुन्या गाण्यावरून तिनं ट्रंपेटांची जी आतषबाजी लिहिली, ती 'ट्रंपेट नो एंड' या नावानं १९४६ मध्ये रेकॉर्ड झाली. डिझी गिलेस्पीसाठीही तिनं लिहिलं. म्हणजे जॅझमधली तीन मोठी घराणी म्हणा ना, तिन्ही घरांत हिच्या हातचं पोचलं होतं.

१९४२ मध्ये ती कर्कच्या बँडमधून बाहेर पडली आणि पुढे न्यूयॉर्कला आली. पहिलं लग्न टिकलं नव्हतं, दुसराही संसार फार काळ एकत्र झाला नाही. हार्लेम भागात तिनं बिऱ्हाड केलं. आणि इथून तिच्या गोष्टीचा असा भाग येतो, की त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

त्या काळात जॅझमध्ये 'बीबॉप' नावाचा नवा प्रकार येत होता. वेगवान, अवघड, कानाला सुरुवातीला टोचणारा. जुन्या पिढीतले बरेच वादक त्याला नाकं मुरडत होते. मेरी लू स्वतः जुन्या पिढीतली, नाव झालेली. पण तिनं घराचं दार या पोरांना उघडं ठेवलं. मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी, सगळे रात्रीचं काम आटोपलं की हिच्या घरी. पियानो एकच, आळीपाळीनं वाजवायचं, बाकीच्यांनी जमिनीवर बसून ऐकायचं. कुणाला सूर सुचवायचे, कुणाला चुका दाखवायच्या, कुणाला जेवायला घालायचं. यातल्या कुणाकडून तिनं फी घेतली नाही, की यांच्या संगीतात माझा वाटा किती, असा हिशेब मांडला नाही.

म्हणजे बघा, एकीकडे तिचं काम लोकांनी न विचारता घेतलं आणि दुसरीकडे तिनं स्वतः होऊन ओंजळी भरभरून दिलं. दोन्हीकडे पैसा तिच्या हाती आला नाही, हे खरं. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. देणं निराळं आणि घेतलं जाणं निराळं. आपल्याकडे बायकांना लहानपणापासून त्याग शिकवतात आणि या दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे होतात. रात्री अकराला पाहुणे आले आणि मी हौसेनं पिठलं-भात टाकला, तर ते देणं. पण पिठलं-भात होणारच, हे माझ्याशी न बोलता बाहेर ठरवून आणलं, तर ते घेतलं जाणं. पदार्थ तोच, चवही तीच. फरक एवढाच, की पहिल्या खेपेला मी माणूस असते आणि दुसऱ्या खेपेला गॅसची शेगडी.

मेरी लूला हा फरक नीट कळत होता, असं तिच्या पुढच्या आयुष्यावरून मला वाटतं.

१९४५ मध्ये तिनं स्वतःच्या नावावर एक मोठं काम केलं. 'झोडिॲक सूट', म्हणजे बारा राशींवरच्या बारा संगीतरचना. (त्यांच्याकडची रास जन्मतारखेवरून, सूर्याच्या हिशेबानं असते, बरं का. आपल्या पत्रिकेशी ताडून बघू नका!) रेडिओवर तिचा दर आठवड्याला कार्यक्रम असे, त्यात ती एकेक रास सादर करी. प्रत्येक रास तिनं त्या राशीच्या मित्रमैत्रिणींना अर्पण केली. मेष राशीला गायिका बिली हॉलिडे, तूळ राशीला मंक, अशी. मग ३१ डिसेंबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये व्हायोलिनं, बासऱ्या वगैरे घेऊन तिनं हा सबंध संच सादर केला, आणि १९४६ मध्ये त्यातल्या काही राशी कार्नेगी हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजल्या. जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत असं एका ताटात वाढायचं धाडस तेव्हा फार थोड्यांनी केलं होतं. तालमी अपुऱ्या पडल्या, समीक्षक तोंड भरून बोलले नाहीत आणि हे काम मागे पडलं. त्याला हवी तशी दाद मिळायला किती वर्षं लागावीत? पियानोवादक ॲरन डील यानं 'द नाइट्स' या वाद्यवृंदाबरोबर त्याची नवी ध्वनिमुद्रिका काढली ती २०२३ मध्ये!

मग थकवा आला. १९५२ मध्ये ती थोड्या दिवसांसाठी म्हणून इंग्लंडला गेली आणि दोन वर्षं युरोपातच राहिली. १९५४ मध्ये पॅरिसला एके रात्री कार्यक्रम चालू असताना ती पियानोवरून उठली आणि निघून गेली. अमेरिकेत परतली ती वाजवणं बंद करूनच. दिवसाचे कित्येक तास चर्चमध्ये प्रार्थनेत घालवी. ज्यांची नशेपायी धूळधाण झाली होती असे वादक तिनं आपल्या छोट्या जागेत आणून ठेवले, त्यांना रांधून घातलं. १९५७ मध्ये तिनं कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. तुझं वाजवणं हीच तुझी प्रार्थना, असं धर्मगुरूंनी आणि मित्रांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि त्याच वर्षी ती डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात पुन्हा वाजवायला बसली.

यानंतरची मेरी लू मला फार आवडते. तिनं वादकांच्या मदतीसाठी 'बेल कांटो' नावाची संस्था काढली आणि पैसा उभा करण्यासाठी हार्लेममध्ये जुन्या कपड्यांचं दुकान घातलं. आपण बोहारणीला साड्या देऊन पातेली घेतो, तिच्या दुकानात नामांकित संगीतकारांनी दिलेले कपडे विकले जात आणि त्यातून आजारी वादकांची सोय होई. आणि दुसरीकडे तिनं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. नाव काय, तर 'मेरी रेकॉर्ड्स'! चालींचे हक्क सांभाळायला 'सिसिलिया' नावाची प्रकाशन संस्थाही काढली. सिसिलिया ही ख्रिस्ती लोकांची संगीताची संत. ज्या कंपनीनं एकदा न विचारता नाव बदललं होतं, तिला याहून सभ्य उत्तर कोणतं असेल? एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं आपला कागद सांभाळायचा. लव्ही ऑस्टिनचे ते दोन हात आठवतात ना?

'मेरी रेकॉर्ड्स'नं १९६४ मध्ये काढलेल्या रेकॉर्डवर संत मार्टिन दे पोरेस यांच्यावरचं तिचं समूहगीत आहे. हे पेरू देशातले मिश्र वर्णाचे संत, १९६२ मध्ये चर्चनं त्यांना संतपद दिलं. चर्चच्या प्रार्थनेतलं गांभीर्य आणि काळ्या लोकांच्या गाण्यातली आर्तता यांचा त्यात असा मेळ आहे, की अर्थ कळला नाही तरी आपल्याला काकडआरतीची वेळ आठवते. पुढे तिनं सबंध चर्चविधीच जॅझमध्ये बांधला, 'मेरी लूज मास'. अल्विन एली या नृत्यदिग्दर्शकानं १९७१ मध्ये त्यावर नृत्य बसवलं आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये तो वाजला. जे संगीत पत्त्यांच्या अड्ड्यात वाजलं होतं, ते देवळाच्या गाभाऱ्यात पोचलं.

१९७७ पासून ती ड्यूक विद्यापीठात शिकवू लागली. आईनं मास्तर न लावलेली मुलगी स्वतः मास्तरीण झाली! २८ मे १९८१ ला ती गेली. एकाहत्तर वर्षांचं आयुष्य. जॅझच्या जेवढ्या पद्धती तिच्या हयातीत आल्या, त्या सगळ्या तिनं वाजवल्या. आणि तिचं नाव मागे राहायचं हेही एक कारण असावं. लोकांना माणूस एका डब्यात भरून वर चिठ्ठी लावलेला आवडतो. ही डब्यात मावली नाही. शिवाय बाई, शिवाय काळी, शिवाय कामाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या बँडच्या नावाखाली गेलेला.

आता थोडं आपल्याबद्दल. माझ्या माहितीतल्या एका शिक्षिकेनं स्नेहसंमेलनासाठी गीत लिहिलं, चाल लावली, मुलांकडून महिनाभर बसवून घेतलं. छापील पत्रिकेत आलं ते निराळंच नाव. ती म्हणाली, जाऊ दे, मुलांना आनंद झाला ना! मुलांचा आनंद खरा, पण 'जाऊ दे' हे तिनं मनापासून म्हटलं की म्हणावं लागलं, हे तिचं तिलाच ठाऊक. म्हणून चार गोष्टी सांगते.

तुम्ही ओवी, गीत, नाटुकलं लिहिलंत, चाल लावलीत, भरतकामाचा नवा नमुना काढलात, तर त्यावर नाव आणि तारीख घालायची सवय लावा. चाल असेल तर मोबाइलवर गाऊन ठेवा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लिखाणावर आणि चालीवर तुमचा हक्क ती तयार झाल्यापासूनच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर नि नंतर साठ वर्षं राहतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे नियम मात्र वेगळे असतात, तेव्हा काम घेतानाच विचारून ठेवा. चित्रपटासाठी गीतं लिहिणाऱ्यांच्या आणि चाली देणाऱ्यांच्या रॉयल्टीला २०१२ च्या दुरुस्तीनं अधिक संरक्षण दिलं आहे. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो घरी आणून सावकाश वाचा, यात कुणाचा अपमान नाही. आणि एखादी गोष्ट द्यायचीच असेल, तर जरूर द्या, हात आखडू नका. फक्त 'मी देते' हे शब्द तुमच्या तोंडून निघू द्या.

मेरी लूला ऐकायचं असेल तर 'वॉकिन अँड स्विंगिन'पासून सुरुवात करा, पाय आपोआप ठेका धरतील. मग 'झोडिॲक सूट'मधली तुमची रास शोधा. 'व्हॉट्स युअर स्टोरी, मॉर्निंग ग्लोरी' हे तिचं १९३८ चं गाणं ऐका आणि लगेच १९४८ चं 'ब्लॅक कॉफी' हे दुसऱ्यांच्या नावावरचं गाजलेलं गाणं ऐका. दोन्हींची सुरुवात किती सारखी वाटते, ते तुमच्या कानांनी ठरवा. संध्याकाळच्या वेळी ते संत मार्टिनचं समूहगीत लावा. आणि लावाल तेव्हा घरातल्या मुलांना आवर्जून सांगा, हे कुणाचं आहे ते. पूर्ण नावानिशी.